फटीतून पाहणारी पोरं: सूर्यग्रहण, मुलांचे डोळे आणि एक जुनी रीत

आजचा भाग सूर्यग्रहणावर आहे. ग्रहणात जेवावं का, पाणी प्यावं का, या वादात मी आज पडणार नाही. प्रश्न एकच घेतलाय. ग्रहण लागलंय, घरात आठ-दहा वर्षांचं पोर आहे, तर त्याच्या डोळ्यांचं काय करायचं? आजवर माणसांनी काय केलं, त्यातलं काय कामाला आलं आणि काय नुसतंच भीतीपोटी होत राहिलं?

सुरुवात एका तारखेपासून करू. २६ डिसेंबर २०१९, गुरुवार. त्या सकाळी केरळ, तामिळनाडू आणि कर्नाटकच्या दक्षिण टोकातून कंकणाकृती ग्रहण दिसलं. बाकी भारतात खंडग्रास होतं. त्या एका सकाळच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूर गावातली, म्हणजे आपल्या सोलापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरची. तिथे अपंग मुलांना ग्रहणाच्या वेळात गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं. का, तर ग्रहणात असं केलं की अपंगत्व जातं अशी समजूत. मातीच्या वर फक्त डोकी, आणि ती लेकरं रडतायत. तो फोटो तेव्हा देशभर फिरला, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

दुसरी जयपूरची. ग्रहणानंतरच्या दिवसांत तिथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात पंधराएक मुलंमुली डोळ्यांची तक्रार घेऊन आली, बहुतेक टीनएजर. सगळ्यांनी ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती.

तिसरी केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवतूरची. तिथे मैदानात लोक जमले होते, हातात सूर्य पाहायचे खास चष्मे होते आणि सूर्याचं कंकण पाहून सगळे आपापल्या घरी गेले.

पहिल्या दोन गोष्टी अगदी उलट टोकाच्या वाटतात. एकीकडे भीती, दुसरीकडे बेफिकिरी. मला मात्र त्या दोन्हींत एकच उणीव दिसते. त्या मुलांच्या शेजारी, पाहायचं कसं हे माहीत असलेलं मोठं माणूस नव्हतं. चेरुवतूरच्या मुलांजवळ तसं माणूस होतं. आजचा सगळा भाग त्या माणसाबद्दल आहे.

धोका माहीत होता, फार आधीपासून

सूर्याकडे टक लावून पाहिलं की डोळे जातात, हे शोधायला हॉस्पिटल लागलं नाही. प्लेटोच्या ‘फायडो’ या ग्रंथात, म्हणजे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, सॉक्रेटिसच्या तोंडी हा दाखला येतो. ग्रहणाच्या वेळी सूर्याकडे थेट बघणारे काही लोक आपले डोळे खराब करून घेतात, म्हणून त्याचं प्रतिबिंब पाण्यात किंवा तशा एखाद्या गोष्टीत पाहावं, अशा अर्थाचं तो बोलतो. बोलणं चाललंय तत्त्वज्ञानाचं आणि ग्रहण नुसतं उदाहरणापुरतं आलंय. म्हणजे ही गोष्ट ऐकणाऱ्यांना आधीच ठाऊक होती.

आता हा पाण्याचा उपाय आपल्याकडेही आहे बरं का. परातीत पाणी घ्यायचं, कुणी त्यात हळद घालणार, आणि त्यात सूर्य बघायचा. त्याच परातीत मुसळ उभं राहतं म्हणून ते बघायलाही गर्दी व्हायची.

पण परातीतला सूर्य सुरक्षित आहे का? मी इंजिनिअर, त्यामुळे आधी आकडे बघितले. सूर्य डोक्यावर असताना साधं पाणी वरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण २ टक्के परत फेकतं. ऐकायला कमी वाटतं. पण सूर्य पाहायच्या चष्म्यांसाठी आज जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२३१२-२, त्यात जास्तीत जास्त ०.००३२ टक्के दृश्य प्रकाश आत येऊ द्यायला परवानगी आहे. भागाकार करा. परातीतला सूर्य त्या मर्यादेच्या सहाशे पटींहून जास्त तेजस्वी निघतो. सूर्य कलला की पाणी आणखी जास्त प्रकाश फेकतं. तेव्हा सॉक्रेटिसची काळजी बरोबर होती, पण उपाय पुरेसा नव्हता. आपल्या आजीच्या परातीचंही तेच.

उन्हात घालायचा गॉगल तर याहून वाईट. तो १०-२० टक्के प्रकाश सहज आत सोडतो. काजळी धरलेली काच आणि जुनी एक्स-रे फिल्म यांतून नेमका किती प्रकाश जातो याचा कुणालाच भरवसा नाही. काळं दिसतंय म्हणून सुरक्षित असेल, असा हिशेब इथे चालत नाही, कारण डोळ्याला न दिसणारे किरणही त्यातून आत येऊ शकतात.

पाठ फिरवायची युक्ती

खरी सुरक्षित रीत सापडली ती अकराव्या शतकात, कैरोमध्ये. इब्न अल-हैथम नावाचा विद्वान तिथे प्रकाशावर काम करत होता. ग्रहणाच्या आकारावर त्याचा एक स्वतंत्र लेख आहे. अंधाऱ्या जागेत बारीक भोकातून सूर्यप्रकाश आत येऊ दिला, तर समोरच्या पृष्ठभागावर सूर्याची कोर उमटते, हे त्याने मांडलं. भोक बारीक असेल तरच कोर दिसते आणि मोठं केलं तर गोल ठिपका दिसतो, हेही त्याने तपासलं.

पुढे २४ जानेवारी १५४४ रोजी बेल्जियममधल्या लूव्हेन इथे गेमा फ्रिसियस याने हीच युक्ती वापरून ग्रहण पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्याचं चित्र छापलं. अंधारी खोली, भिंतीत एक भोक आणि समोरच्या भिंतीवर ग्रहण लागलेला सूर्य. शाळेत आपण ‘सूचिछिद्र कॅमेरा’ शिकलो ना, तोच हा.

यातली गंमत लक्षात घ्या. या रीतीत तुम्ही सूर्याकडे पाहतच नाही. सूर्य पाठीमागे, तोंड भिंतीकडे. काच काळी आहे की नाही, किती काळी आहे, हा प्रश्नच उरत नाही. म्हणजे गेली जवळजवळ हजार वर्षं अशी रीत आपल्याकडे आहे, जिला खर्च शून्य आणि लहान पोरालाही जमेल अशी. तरी ती घराघरात का पोचली नाही?

गणित होतं, पण ते पंचांगात

ग्रहणाचं गणित आपल्याला नवं नव्हतं. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात सांगितलं होतं की सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो आणि चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. तेव्हापासून स्पर्श कधी, मध्य कधी, मोक्ष कधी, हे पंचांगकर्ते काढत आले. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात आजही वेळ मिनिटापर्यंत छापलेली असते.

पण ती वेळ घरात कशासाठी वापरली जायची? वेध पाळायला, अन्नात तुळशीपत्र टाकायला, आंघोळ करायला आणि पोरांना आत घ्यायला. ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी आली की आजी पोरांना आणखी आत ओढायची, असं आई सांगते. पाहायचं कधी नाही, हे घराघरात माहीत होतं. पाहायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास ग्रहण. सावली अरबी समुद्रावरून कारवारच्या बाजूने शिरली आणि कर्नाटक, आंध्र करत ओरिसात कोणार्क-पुरीकडून बाहेर पडली. हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून सज्ज होते. आणि शहरांत? रस्ते ओस. दारं-खिडक्या बंद. लोकांनी घरात बसावं म्हणून दूरदर्शनवर सिनेमा लावला होता. एवढं मोठं दृश्य डोक्यावर चाललेलं आणि कोट्यवधी लोक त्याच्याकडे पाठ करून बसलेले.

माझी आई तेव्हा बारा वर्षांची, सोलापुरात. तिथे सूर्य जवळपास सगळा झाकला गेला होता. आजोबांनी पश्चिमेच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. सगळी भावंडं अंधारात बसलेली. साडेतीननंतर बाहेरचा उजेड चमत्कारिक झाला, पक्षी गप्प झाले, आणि माझ्या मामाला काही राहवेना. वय वर्षं आठ. वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये फट होती. त्याने तिला डोळा लावला. आजीच्या लक्षात आलं, तिने पाठीत धपाटा घालून त्याला ओढलं, म्हणून सेकंदभरावर निभावलं. मामाची नजर आजही चांगली आहे.

हा किस्सा आमच्याकडे हसत सांगतात. पण आता जरा इब्न अल-हैथमच्या नजरेने बघा. अंधारी खोली आहे. पश्चिमेला सूर्य आहे. खिडकी झाकलेली आहे आणि तिला एवढीशी फट आहे. अहो, हा तर तयार सूचिछिद्र कॅमेरा! फटीऐवजी टाचणीचं एक भोक पाडलं असतं, तर दहा फुटांवरच्या भिंतीवर जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी सूर्याची कोर उतरली असती. सगळ्या भावंडांनी मिळून ती बघितली असती आणि आजोबांना ती हळूहळू बारीक होताना दाखवता आली असती. सामान सगळं होतं. कुणीतरी ‘तिकडे नको, इकडे भिंतीवर बघ’ म्हणायची खोटी होती.

कोंडून ठेवणं का पुरत नाही, ते इथे कळतं. मोठ्यांना भीती घालता येते. आठ वर्षांच्या पोराला ‘बघू नको’ म्हटलं की ते फट शोधतं.

डोळा ओरडत का नाही?

आता वैद्यकशास्त्राकडे येऊ, कारण धोका खरा आहे आणि तो कसा होतो हे कळल्याशिवाय आपण मुलांना पटवून देऊ शकत नाही.

बरीच वर्षं समजूत अशी होती की भिंगाने कागद जळतो तसा सूर्य डोळ्याचा पडदा भाजतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विल्यम हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं की कमी तरंगलांबीचा, म्हणजे निळ्या बाजूचा प्रकाश उष्णतेपेक्षा फार कमी तीव्रतेलाही पडद्याच्या पेशी बिघडवतो. ही मुख्यतः रासायनिक इजा आहे. त्यामुळे ‘मला गरम नाही लागलं, म्हणजे काही झालं नाही’ याला अर्थ नाही.

दुसरं म्हणजे डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जळतोय, पण अलर्टच लावलेला नाही. पोर बघतं, खेळायला जातं, जेवतं. मग काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सांगतं की मधोमध काळा डाग दिसतोय, अक्षरं वाकडी दिसतायत, फळ्यावरचं नीट वाचता येत नाही. कारण इजा होते ती नेमकी त्या जागी, जिच्यावर आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त नितळ असतं, त्यामुळे हा प्रकाश त्यांच्या पडद्यापर्यंत जास्त पोचतो.

तिसरं, ग्रहणातच हे का होतं? ग्रहणाचे किरण काही वेगळे नसतात, विषारीही नसतात. एरवी सूर्याकडे पाहिलं की डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड कमी होतो, बाहुली मोठी होते, बघवतं. पण उरलेली जी कोर असते, तिचा प्रत्येक ठिपका रोजच्या सूर्याइतकाच प्रखर असतो.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीच्या पडद्याचे अतिशय बारकाईने फोटो काढले गेले. साधारण माझ्याच वयाची होती ती. तिच्या डोळ्यातली इजा चंद्रकोरीच्या आकाराची होती, म्हणजे तिने पाहिलेला सूर्यच तिथे छापला गेला होता. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ स्क्रोल करू शकलो नाही.

घाबरवायचं नाहीये, म्हणून हेही सांगतो. ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरच्या रुग्णालयात ४५ जण अशा तक्रारी घेऊन आले होते. त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढच्या काही महिन्यांत बरं वाटलं. पण मोजक्या काहींच्या नजरेत तो डाग राहिलाच. आणि याच्यावर खात्रीचं औषध आजही नाही. म्हणून सगळी मदार आधीच्या काळजीवर.

खोकं, चष्मा आणि शेजारचं माणूस

२० जुलै १९६३ ला अमेरिकेत ग्रहण होतं. इलिनॉयमधल्या मेवूड गावातल्या शाळकरी मुलांचे फोटो तेव्हा ‘लाइफ’ मासिकाने काढले. ते इंटरनेटवर सापडतात, जरूर बघा. पोरं रांगेत उभी आहेत, पाठ सूर्याकडे, आणि प्रत्येकाजवळ पुठ्ठ्याचं मोठं खोकं. इब्न अल-हैथमची अंधारी खोली आता किराणा दुकानाच्या खोक्यात मावली होती.

आपल्याकडे वारं फिरलं ते २४ ऑक्टोबर १९९५ ला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. खग्रासचा पट्टा राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत. ज्या दूरदर्शनने १९८० मध्ये लोकांना घरात बसवायला सिनेमा लावला होता, त्यानेच या वेळी ग्रहण थेट दाखवलं आणि प्राध्यापक यशपाल ते समजावून सांगत होते. पुठ्ठ्याचे ग्रहणचष्मे गावोगाव पोचले. पंधरा वर्षांत ‘बघू नका’पासून ‘असं बघा’पर्यंतचा प्रवास झाला. आपल्याकडे ज्योतिर्विद्या परिसंस्था (पुण्यात, १९४४ पासून), मराठी विज्ञान परिषद, मुंबईचं खगोल मंडळ यांसारख्या संस्था लोकांपर्यंत आकाश पोचवत होत्याच, त्या कामालाही जोर आला.

आणि तरीही २०१९ मध्ये जयपूर आणि ताजसुलतानपूर घडलं. म्हणजे टीव्ही पोचला, इंटरनेट पोचलं, पण त्या विशिष्ट मुलाशेजारचं माणूस राहून गेलं. ते माणूस पुढच्या वेळी तुम्ही असू शकता. मोठा भाऊ, आत्या, काका, सोसायटीतला ‘तो कॉम्प्युटरवाला दादा’, कुणीही.

पुढची वेळ लांब नाही. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढी अमावस्या, म्हणजे दिव्याची अवस. हो, गटारी. इजिप्तमध्ये लक्सरला त्या दिवशी सहा मिनिटांहून जास्त खग्रास दिसेल. आपल्याकडे पश्चिम भारतात दुपारनंतर खंडग्रास, तेही पावसाळी ढगांनी परवानगी दिली तर. मग २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूतून कंकणाकृती आणि २० मार्च २०३४ ला लडाखमधून खग्रास.

तेव्हा काय करायचं ते थोडक्यात ऐका.

लहान मुलांसाठी पहिली पसंती भिंतीला. जुन्या आरशावर कागद चिकटवा, त्यात अर्ध्या सेंटिमीटरचं भोक ठेवा आणि उन्हातला कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडा. दहा मीटरवर साधारण नऊ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, अख्खा वर्ग एकदम बघू शकतो. नियम एकच, आरशात कुणी डोकवायचं नाही आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. आरसा नसेल तर स्वयंपाकघरातली चाळणी घ्या आणि तिची सावली जमिनीवर पाडा. प्रत्येक भोकाची एक कोर उमटते. झाडाखालीही बघा, पानांच्या फटींतून पडलेले कवडसे त्या दिवशी गोल नसतात, कोरीचे असतात.

चष्मा वापरायचा तर आयएसओ १२३१२-२ लिहिलेला, तोही ओळखीच्या खगोल संस्थेकडून घेतलेला. २०१७ मध्ये ऑनलाइन बाजारात नकली चष्मे आले होते, छाप मारायला काय लागतं! घरी तपासा: चष्म्यातून घरातला साधा दिवा दिसत असेल, तर तो चष्मा टाकून द्या. ओरखडा, भोक, चुरगळ दिसली तरी टाकून द्या. मान खाली, चष्मा लावा, मग वर बघा. परत मान खाली, मग चष्मा काढा. हा क्रम मुलांकडून आदल्या दिवशी दोन-चार वेळा करून घ्या. चष्मा लावून दुर्बिणीतून अजिबात बघायचं नाही, भिंग सगळा प्रकाश एकवटून तो फिल्टर जाळू शकतं. आणि पूर्ण वेळ मोठं माणूस जवळ हवं. फोन खिशात ठेवून, बरं का.

चुकून कुणी उघड्या डोळ्यांनी पाहिलंच, तर रागावू नका. रागावलात की पोर पुढची तक्रार लपवतं. दुसऱ्या दिवशी एकेक डोळा झाकून त्याला पुस्तक वाचायला सांगा. डाग, वाकडेपणा, धूसर असं काही म्हणालं, तर सरळ नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आणि एक काम माझ्यासाठी करा. पुढच्या ग्रहणाची वाट न बघता या रविवारी खिडकीला कागद लावा, टाचणीने भोक पाडा आणि समोरच्या भिंतीवर साधा, गोल सूर्य दाखवा. घरातल्या, शेजारच्या, जे पोर हाताशी असेल त्याला. ते विचारेल, ‘हा इथे कसा आला?’ तिथून पुढचं तुम्ही सांभाळाल. भेटू पुढच्या भागात.